विश्लेषण : चालायला उशीर चालेल, पण ऐकायला-पाहायला नाही! मुलांच्या वाढीचे वेळापत्रक काय सांगते?

पहिला वाढदिवस झाला तरी बाळ पाऊल टाकत नसेल, तर घरात कुजबुज सुरू होते. शेजारचे बाळ दहाव्या महिन्यातच चालू लागले होते, याची आठवण करून दिली जाते आणि लगोलग वॉकर खरेदी होतो. तेच बाळ हाकेला वळून पाहत नसेल, तर मात्र ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात’, ‘मुलगा आहे, बोलेल सावकाश’ असे म्हणून वाट पाहिली जाते. बालविकासाचे शास्त्र नेमके याच्या उलट सांगते. चालण्यासाठी शरीराला भरपूर मुभा असते. ऐकणे आणि पाहणे यांसाठीची मुदत मात्र काही महिन्यांची, फार तर काही वर्षांची असते. ही मुदत कशी ठरते, ती चुकली तर काय होते आणि मोठेपणी त्यातले काय बदलते, याविषयी…

बाळाने कधी चालायला हवे?

जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ बाळांच्या हालचालींच्या नोंदी ठेवून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात भारतातील बाळे दिल्लीची होती. निरोगी आणि चांगले पोषण मिळालेली बाळे कोणत्या वयात काय करू लागतात, हे या अभ्यासात पाहिले गेले. उत्तर एका ठरावीक महिन्याचे आले नाही, तर एका कालावधीचे आले. संशोधकांनी त्याला ‘खिडकी’ म्हटले.

आधाराशिवाय बसण्याची खिडकी ३.८ ते ९.२ महिने, हात-गुडघ्यांवर रांगण्याची ५.२ ते १३.५ महिने, आधाराशिवाय उभे राहण्याची ६.९ ते १६.९ महिने आणि स्वतःहून चालण्याची ८.२ ते १७.६ महिने अशी निघाली. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारे आणि सतराव्या महिन्यात चालणारे, अशी दोन्ही बाळे निरोगी असू शकतात. सुमारे ४.३ टक्के बाळे तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अशी बाळे बसल्या बसल्या सरकतात किंवा थेट धरून उभी राहतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) २०२२ मध्ये विकासाच्या टप्प्यांची यादी सुधारली, तेव्हा त्यातून रांगणे वगळण्यात आले.

इतका फरक कशामुळे पडतो?

हालचालींवरचा ताबा डोक्याकडून पायाकडे येतो. आधी मान धरली जाते, मग पाठ, कंबर आणि शेवटी पाय. तसाच तो शरीराच्या मध्यापासून टोकाकडे जातो. आधी खांदा, मग कोपर, मनगट आणि बोटे. म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ खुळखुळा अख्ख्या मुठीत धरते, तर जमिनीवर सांडलेला कुरमुरा चिमटीत उचलणे त्याला नवव्या-दहाव्या महिन्याच्या आसपास जमते. मेंदूकडून स्नायूंकडे संदेश नेणाऱ्या मज्जातंतूंवर या काळात मायलिनचे आवरण चढत असते. विजेच्या तारेवरील वेष्टनासारखे हे आवरण चढले की संदेश वेगाने आणि न गळता पोहोचतो.

पण सगळे काही मेंदूवर अवलंबून नसते. नवजात बाळाला उभे धरले, की ते पावले टाकल्यासारखे पाय हलवते आणि दोनेक महिन्यांत ही हालचाल नाहीशी होते. मेंदू परिपक्व होऊन ती दाबून टाकतो, असे पूर्वी मानले जाई. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अशा बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरले, तेव्हा पावले पुन्हा पडू लागली! पायांवर चरबी वेगाने चढली होती, स्नायूंची ताकद तेवढी वाढली नव्हती, इतकेच त्यामागचे कारण होते. पाण्यात पायांचा भार हलका होताच हालचाल परतली.

संगोपनाच्या पद्धतीचाही परिणाम होतो. केनियातील किपसिगिस समाजात बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवले जाते. तेथील बाळे या दोन गोष्टी अमेरिकी बाळांपेक्षा सुमारे महिनाभर आधी करतात, रांगणे मात्र लवकर येत नाही, असे चार्ल्स सुपर यांनी १९७६ मध्ये नोंदवले. सरावाचे प्रमाणही थक्क करणारे असते. न्यू यॉर्कमधील संशोधक कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्या २०१२ मधील अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुले खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत आणि १७ वेळा पडत, असे दिसले. पडणे हा शिकण्याचाच भाग आहे.

वॉकर की पांगुळगाडा?

चाकांवरच्या बैठकीत बाळाला बसवायचा वॉकर चालणे शिकवतो, हा समज चुकीचा आहे. त्यात बाळाला स्वतःचा तोल सांभाळावा लागत नाही, पाय दिसत नाहीत आणि पुढे सरकण्यासाठी ते चवड्यांनी जमीन ढकलते. चालण्यासाठी लागते ते नेमके यात शिकले जात नाही. आयर्लंडमधील बाळांच्या अभ्यासात वॉकरच्या दर २४ तासांच्या वापरामागे स्वतंत्र चालणे सरासरी ३.३ दिवसांनी लांबल्याचे आढळले. हा अभ्यास २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला.

उशिरापेक्षा मोठा धोका अपघाताचा आहे. वॉकरमधले बाळ क्षणात जिन्यापर्यंत, गरम भांड्यापर्यंत किंवा पाण्याच्या बादलीपर्यंत पोहोचते. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात १५ महिन्यांखालील दोन लाख ३० हजारांहून अधिक बाळांवर वॉकरच्या दुखापतींसाठी रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत उपचार करावे लागले. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्री, आयात आणि जाहिरातीवर बंदीच घातली.

जुन्या मराठी घरांतला लाकडी पांगुळगाडा यापेक्षा वेगळा आहे. त्यात बाळ बसत नाही, तर स्वतःच्या पायांवर उभे राहून गाडा ढकलते. वजन पायांवर येते, तोल स्वतः सांभाळावा लागतो. अर्थात तोही सपाट जागी आणि कुणाच्या तरी नजरेसमोरच द्यायला हवा.

चालण्यातला उशीर केव्हा गंभीर मानावा?

खिडकी रुंद आहे म्हणजे दुर्लक्ष करावे, असे नाही. चार महिन्यांनंतरही मान न धरणे, नऊ महिने उलटूनही आधाराशिवाय बसता न येणे आणि १८ महिन्यांनंतरही न चालणे, या गोष्टी बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हव्यात. अंग फार ताठ किंवा फार सैल वाटणे, वर्षाच्या आत एकच हात सतत वापरणे आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली असणे, हीदेखील लक्षणे आहेत. ‘बाळ आत्तापासूनच डावखुरे आहे’ असे कौतुकाने म्हटले जाते, पण एका बाजूच्या स्नायूंमध्ये कमजोरी असू शकते. आलेली गोष्ट विसरणे, म्हणजे बसणारे बाळ बसेनासे होणे किंवा बोलणारे मूल बोलेनासे होणे, हे तर कोणत्याही वयात तातडीचे लक्षण आहे. पाऊल जन्मतः आत वळलेले असेल, तर त्यावरील प्लास्टरचे उपचार पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करणे उत्तम.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना तेवढे दिवस वजा करावे लागतात. दोन महिने आधी जन्मलेले बाळ १४ महिन्यांचे असेल, तर विकासाच्या दृष्टीने ते १२ महिन्यांचे धरले जाते. वयाच्या दोन वर्षांपर्यंत हीच पद्धत वापरतात.

कान कधीपासून काम करू लागतात?

जन्माच्या कितीतरी आधी. गर्भारपणाच्या साधारण २५व्या आठवड्याच्या आसपास बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये दाखवून दिले, की तीन दिवसांच्या आतली बाळेदेखील आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. म्हणजे आईच्या आवाजाची ओळख पोटातच झालेली असते.

त्यानंतरचे वर्ष फार मोलाचे असते. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ मधील प्रयोग मराठी वाचकाला सहज समजेल. हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ हे उच्चार त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही. तरीही सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हींतला फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांची बाळे मात्र तो बहुतांशी गमावून बसली होती. जे आवाज कानावर पडतात ते मेंदू पक्के करतो आणि जे पडत नाहीत त्यांच्यासाठी जागा ठेवत नाही. ज्या बाळाच्या कानावर काहीच पडत नाही, त्याच्याबाबत काय घडत असेल याची यावरून कल्पना यावी.

ऐकू न येणे लक्षात का येत नाही?

कारण ऐकू न येणारे बाळही सुरुवातीला हुंकार देते, हसते, रडते. दार धाडकन आपटले, तर हादऱ्यामुळे ते दचकते. ताट वाजवून घरच्या घरी घेतलेली परीक्षा त्यामुळे फसवी ठरते. बाळ ताटाचा आवाज ऐकून वळले, की हात हललेला पाहून वळले, हे सांगता येत नाही. फरक दिसतो तो दुसऱ्या सहामाहीत. ऐकू येणारे बाळ दहाव्या महिन्यापर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ लावू लागते. ऐकू न येणाऱ्या बाळात ही माळ लांबते. तोवर अर्धेअधिक वर्ष निघून गेलेले असते.

म्हणून जगभरात ‘१-३-६’ हे सूत्र वापरले जाते. पहिल्या महिन्यात कानाची चाळणी चाचणी, दोष वाटल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र व उपचारांना सुरुवात. चाचणी अगदी सोपी आहे. ‘ओएई’ या तपासणीत झोपलेल्या बाळाच्या कानात एक मऊ टोक ठेवून बारीक आवाज सोडला जातो. अंतर्कर्णातील केसासारख्या पेशी निरोगी असतील, तर त्या स्वतःच अतिशय मंद आवाज परत पाठवतात आणि यंत्र तो टिपते. सुई टोचावी लागत नाही, काही मिनिटांत काम होते. शंका आल्यास कानापासून मेंदूपर्यंत संदेश पोहोचतो का, हे ‘बेरा’ चाचणीतून पाहतात.

सहा महिन्यांची अट कुठून आली? क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांच्या १९९८ मधील अभ्यासात ज्या मुलांच्या श्रवणदोषाचे निदान सहा महिन्यांच्या आत झाले, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली असल्याचे दिसले. कॉक्लिअर इम्प्लांट या शस्त्रक्रियेबाबतही तेच. अनू शर्मा आणि सहकाऱ्यांच्या २००२ मधील संशोधनानुसार, साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट बसवलेल्या मुलांचा मेंदू आवाजाला जवळपास वयानुरूप प्रतिसाद देऊ लागतो. सात वर्षांनंतर बसवल्यास बहुतेकांमध्ये तसे होत नाही. यंत्र तेच असते, वय बदललेले असते.

डोळ्यांसाठी मुदत किती?

नवजात बाळाला २० ते ३० सेंटीमीटरवरचे त्यातल्या त्यात नीट दिसते. दूध पाजताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. पुढे प्रकाश आणि आकार डोळ्यांत शिरतात, तसतशी मेंदूतील दृष्टीची जोडणी तयार होते. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन विझेल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवून ही गोष्ट सिद्ध केली. डोळा उघडल्यावर तो निरोगी होता, पण मेंदूतील पेशी त्याच्याकडून येणारे संदेश घेईनाशा झाल्या होत्या. प्रौढ मांजरांमध्ये असे घडले नाही. दृष्टीविषयक संशोधनासाठी दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळाले.

म्हणूनच बाळाच्या एका डोळ्यात जन्मजात दाट मोतीबिंदू असेल, तर शस्त्रक्रिया सहा-आठ आठवड्यांत व्हावी, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. आजोबांचा मोतीबिंदू पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू शकतो, नातवाचा थांबू शकत नाही. भारतात ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत करावी लागते. तिरळेपणा किंवा दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असल्यास मेंदू एका डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. या ‘आळशी’ डोळ्यावर सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर सर्वाधिक फायदा होतो. ‘तिरळेपणा शुभ असतो’ या समजुतीत ही वर्षे वाया जातात.

एक तपासणी मोबाइलही नकळत करतो. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत बाळाची बाहुली लाल दिसणे साधारण आहे. एकाच डोळ्यात पुन्हा पुन्हा पांढरी चमक दिसत असेल, तर मोतीबिंदू किंवा डोळ्यातील गाठ यांची शक्यता असते. असा फोटो घेऊन लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जायला हवे.

मुदत टळली तर सारे संपते का?

नाही, पण किंमत मोजावी लागते. दिल्लीत जन्मलेले आणि अमेरिकेतील ‘एमआयटी’मध्ये संशोधन करणारे पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मधून जन्मजात अंध भारतीय मुलांवर शस्त्रक्रिया केल्या जातात. आठ ते सतरा वर्षांच्या अशा पाच मुलांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताने चाचपलेली वस्तू दृष्टी आल्यावर केवळ पाहून ओळखता येईल का, हा प्रश्न १६८८ मध्ये विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना विचारला होता. उत्तर मिळाले, की लगेच ओळखता येत नाही. मात्र काही दिवसांच्या, आठवड्यांच्या सरावानंतर मुलांना ते जमू लागले. उशिरा दृष्टी आलेल्यांना बारीक तपशील पूर्ण स्पष्टपणे दिसत नाहीत, तरी माणसे आणि वस्तू ओळखणे पुष्कळ सुधारते. म्हणजे उशीर झाला म्हणून उपचार सोडून देण्याचेही कारण नाही.

तपासणी कुठे होते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून (तेव्हा ठाणे जिल्हा) झाली. त्याअंतर्गत आरोग्य पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. जन्मजात बहिरेपणा, जन्मजात मोतीबिंदू, वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा दृष्टिपटलाचा आजार आणि विकासातील विलंब हे सारे या कार्यक्रमाच्या यादीत आहे. पुढील उपचारांसाठी मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. श्रवणदोषासाठी मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. लसीकरणाच्या नोंदी असलेल्या माता-बाल संरक्षण कार्डावरही विकासाचे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. लस देऊन झाली की कार्ड घडी घालून ठेवले जाते आणि ती पाने वाचायची राहतात.

मोठेपणी यातले काय बदलते?

शरीराचा प्रत्येक भाग आपापल्या गतीने पूर्णत्वाला जातो. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने प्रौढाच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो, पण नियोजन आणि संयम सांभाळणारा त्याचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. उंची किशोरवयानंतर थांबते, तरी हाडे तिशीच्या आसपासपर्यंत भरत असतात. ज्ञानेंद्रियांची उतरण त्यामानाने लवकर सुरू होते. डोळ्यातील भिंग लहानपणापासूनच हळूहळू ताठर होत जाते आणि चाळिशीत जवळचे वाचणे अवघड होते. मराठीने त्या चष्म्याला ‘चाळिशी’ असेच नाव दिले. कानातील केसासारख्या पेशी मात्र एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून इअरफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांना आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास आणि मुलांना ७५ डेसिबलवर ४० तास अशी आहे. उतारवयात ऐकणे आणि पाहणे यांतील दोषांवर उपचार न होणे हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे घटक असल्याचे ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये नमूद केले.

स्नायूंचे गणित इथेही सैल आहे. तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचे ३ ते ८ टक्के वस्तुमान घटते, पण ती घट मोठ्या प्रमाणात रोखता येते. अमेरिकेतील मारिया फियातारोने यांनी १९९० मध्ये सरासरी ९० वर्षे वयाच्या, अशक्त झालेल्या दहा वृद्धांना आठ आठवडे वजनाचे व्यायाम दिले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. चालण्याची खिडकी नव्वदीतही पुरती बंद झालेली नव्हती.

त्यामुळे बाळ पहिले पाऊल कधी टाकते, याची घरच्यांनी हौसेने वाट पाहावी, त्यात घाई करू नये. प्रसूतीनंतर रुग्णालयातून घरी निघताना मात्र बाळाच्या कानांची आणि डोळ्यांची तपासणी झाली का, हे विचारायला विसरू नये. झाली नसेल, तर पहिल्या लसीच्या तारखेसोबत तिचीही तारीख मागून घ्यावी.